सही सातजणांची, काम चाळीसजणांचं : ग्रुपची संस्था करताना

या वेळी सगळे प्रश्न एकाच विषयावरचे घेतलेत. सोलापुरातनं येणाऱ्या पत्रांत 'आमचा ग्रुप आहे, आता रजिस्टर करायचाय' हे सारखं येतंय, कुणाचं झाडांचं काम आहे, कुणाचं पेशंटचं, कुणाचं मुलांच्या अभ्यासिकेचं. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय कारण बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत, त्यामुळं ते आधी वाचा.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही अशोक चौक, दाजी पेठ भागातले चाळीसेक जण. कोरोनात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर इकडनं तिकडं पोचवायला व्हॉट्सअॅप ग्रुप काढला होता तो अजून चालूच आहे. आता व्हीलचेअर, वॉकर, फाउलर बेड, एअर बेड, कमोडच्या खुर्च्या असं बरंच साहित्य जमलंय, अनामत घेऊन वापरायला देतो आणि परत आणलं की अनामत परत. सिव्हिलला इंडी, विजापूर, अक्कलकोट, तुळजापूर सगळीकडनं पेशंट येतात, त्यांनाही देतो. पैसे सगळे आमच्या अण्णांच्या सेव्हिंग खात्यात, क्यूआर पण त्यांचाच. सामान एकाच्या कारखान्याच्या मागच्या खोलीत. एक कंपनीवाले मदत द्यायला तयार आहेत पण रजिस्ट्रेशन आणि ८०जी (देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणारी नोंदणी) मागतायत. ओळखीचा एकजण म्हणतो सातजणांचे आधार-पॅन द्या, बाकी घटना वगैरे माझ्याकडं रेडी असते. अण्णा म्हणतात आम्ही जुने सातजण आहोतच की. पण तरुण पोरंपोरी नाराज आहेत. ट्रस्ट करावा, संस्था करावी का कंपनी? आणि आत्ताच्या पैशाचं नि सामानाचं काय करायचं?

उत्तर : तुम्ही शेवटी विचारलेलं नंतर सांगते, आधी पोरांची नाराजी, कारण खरा प्रश्न तोच आहे. संस्था नोंदणी अधिनियम १८६० प्रमाणे संस्था करायला कमीत कमी सातजण लागतात. कमीत कमी. पण आपल्याकडं बहुतेक ठिकाणी हा आकडा जास्तीत जास्त असल्यासारखा वापरतात, सातजणांनी सह्या केल्या, तेच सभासद, तेच कार्यकारी मंडळ, विषय संपला. मग रात्री अकरा वाजता टमटममधनं बेड नेऊन तिसऱ्या मजल्यावर चढवणारी जी तेहतीस माणसं आहेत ती कायद्याच्या कागदावर कुणीच नसतात, त्यांना सभेचं बोलावणं नाही, मत नाही, हिशोब मागायचा अधिकार नाही. सुरुवातीला कुणाला काही वाटत नाही कारण सगळे एकाच ग्रुपवर असतात आणि अण्णा चांगलेच आहेत. पहिली मोठी रक्कम आली किंवा अण्णांनी प्रकृतीमुळं काम सोडलं की मग कळतं. अण्णांच्या मनात काही वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, तुमच्या पत्रावरनं ते जीव ओतून करतायत हे दिसतंय, पण उद्या त्यांच्या जागी कोण यायचं आणि ते कुणी ठरवायचं हे आज लिहिलेलं असलं पाहिजे आणि ते लिहायची जागा म्हणजे घटना, संस्थेची नियमावली. ती रेडी कशी काय असेल? तुमचा ग्रुप तर त्या माणसाने बघितलेलाही नाही.

आता प्रकाराचं. ट्रस्टमध्ये विश्वस्त असतात, सर्वसाधारण सभासद असा प्रकार सहसा नसतो, त्यामुळं कुणी आपली जागा, घर, पैसा एखाद्या कामाला कायमचा देतंय आणि चार विश्वासाच्या माणसांनी तो सांभाळायचाय अशा ठिकाणी ट्रस्ट चांगला. तुमच्याकडं मालमत्तेपेक्षा माणसं जास्त आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ ची ना-नफा कंपनी दोन संचालकांवर पण होते, मोठ्या कंपन्यांना ती आवडते, पण तिचे वार्षिक फॉर्म वेळेत भरले नाहीत तर एका फॉर्मला दिवसाला १०० रुपये लेट फी चालू होते आणि ती थांबत नाही, सगळे आपापला धंदा-नोकरी सांभाळून काम करणाऱ्या ग्रुपला मी ते सांगणार नाही. तुम्हाला संस्थाच बरी. महाराष्ट्रात धर्मादाय काम करणाऱ्या संस्थेला दोन नोंदण्या लागतात, एक १८६० च्या कायद्याखाली आणि दुसरी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली, दोन्ही धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातल्या कार्यालयातच होतात. दुसऱ्या नोंदणीचा नंबर 'एफ' ने सुरू होतो, लोक त्याला एफ नंबर म्हणतात. काहीजण पहिलं सर्टिफिकेट मिळालं की फ्रेम करून लावतात आणि दुसरी राहून जाते, मग बँकेत नाहीतर ८०जीच्या वेळी अडतं. दुसरा अर्ज तीन महिन्यांत द्यायचा असतो, तेव्हा दोन्हीचे कागद एकदमच करा.

घटनेत काय बघायचं ते सांगते, यात घाई करू नका.

सभासद कोण, हे पहिलं. 'कार्यकारी मंडळाला योग्य वाटेल ती व्यक्ती सभासद होईल' असं एक वाक्य तयार घटनेत असतं, ते काढा. त्या जागी असं लिहा की इतके महिने काम केलेला, १८ वर्षं पूर्ण झालेला स्वयंसेवक लेखी अर्ज करून वर्गणी भरून सभासद होईल, अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यायचं आणि त्याला सर्वसाधारण सभेपुढं दाद मागता येईल. तुमचे चाळीसही जण पहिल्या दिवसापासून सभासद करता येतात, मूळ अर्जावर सातापेक्षा जास्त सह्या चालतात, नाहीतर नोंदणीनंतरच्या पहिल्याच सभेत बाकीच्यांना घेऊन ठराव करा.

वर्गणी कमी ठेवा पण ठेवाच, आणि पावती फाडा. १८६० च्या कायद्याच्या कलम १५ मध्ये एक गोष्ट आहे जी फार कमी लोकांना माहिती असते, ज्याची वर्गणी तीन महिन्यांच्या वर थकलीय त्याला मत देता येत नाही, तो सभासद म्हणून मोजलाच जात नाही. निवडणुकीत भांडण झालं की समोरचा पहिल्यांदा हेच काढतो, यांच्या वर्गणीच्या पावत्या दाखवा म्हणतो, आणि दहा वर्षं राबलेला माणूस बाहेर बसतो. म्हणून महिन्याची वर्गणी ठेवायचीच नाही, वर्षाची ठेवायची, वर्ष सुरू होताना सगळ्यांकडनं एकदम घ्यायची आणि सभासद रजिस्टरला सही.

मंडळाची मुदत तीन वर्षं ठेवा, पाच खूप होतात. एकाच घरातले दोघं मंडळात नकोत हे लिहून टाका, आत्ता लिहिताना कुणाला राग येत नाही, नंतर येतो. बँकेत तिघांपैकी दोघांच्या सह्या. सभेची नोटीस किती दिवस आधी, कशावर, तुमच्या भागात निम्म्या लोकांच्या घरी तेलुगू बोलतात तर नोटीस मराठीबरोबर तेलुगूतही काढायची असं घटनेतच टाकलं तर काय बिघडतंय? इतिवृत्त मराठीत ठेवा, पण वयस्कर बायामाणसांना सभेत काय ठरलं ते त्यांच्या भाषेत कळू दे.

उद्देश लिहिताना दोन्हीकडनं सांभाळायचं असतं. रेडी घटनेत शिक्षण, आरोग्य, शेती, गोशाळा, वृद्धाश्रम, क्रीडा सगळं असतं, कुठलाही निधी आला तर घेता यावा म्हणून, आणि त्यामुळं संस्था नक्की काय करते हे वाचणाऱ्याला कळत नाही. उलट नुसतं 'व्हीलचेअर देणे' लिहिलं तर उद्या नर्सिंगची मदत किंवा पेशंटच्या नातेवाइकांना डबा द्यायचा म्हटलं की उद्देश बदलायला लागतो, आणि कलम १२ प्रमाणे त्याला दोन विशेष सभा, मध्ये एक महिना आणि दोन्हीकडं तीन-पंचमांश बहुमत लागतं. म्हणून 'रुग्ण व त्यांच्या कुटुंबीयांना साहित्य, सेवा व मार्गदर्शन' असं तुमचं खरं काम मावेल एवढं लिहा. कार्यक्षेत्रात 'सोलापूर शहर' लिहून बसू नका, तुमचा पेशंट इंडीचा आहे, साहित्य जिल्ह्याच्याच काय राज्याच्याही हद्दीबाहेर जातंय, ऑडिटरने विचारलं तर उत्तर घटनेतच असलेलं बरं.

आणि बंद झाली तर काय, हे पण लिहा, अशुभ वगैरे काही नसतं त्यात. संस्था विसर्जित झाली तर उरलेला पैसा-सामान सभासदांत वाटता येत नाही, दुसऱ्या संस्थेला द्यावं लागतं, हे कलम १४ सांगतंच, पण तुमच्या घटनेत स्पष्ट असलं की देणगीदाराला पण धीर येतो आणि आयकरवाले पण ते कलम शोधतातच.

हे सगळं एजंटकडं जायच्या आधी करायचंय. एक रविवार सगळ्यांना बोलवा, कारखान्याच्या खोलीतच बसा, सामानाच्या मधोमध, आणि एक-एक कलम मोठ्याने वाचा. जिथं आवाज चढेल ते कलम तुमच्या ग्रुपसाठी महत्त्वाचं आहे असं समजायचं आणि तिथंच जास्त वेळ द्यायचा. मग पंधरा दिवसांनी परत एकदा बसा. एजंट किंवा वकील जरूर घ्या, फॉर्म, प्रतिज्ञापत्रं, कोर्ट फी स्टॅम्प, जागामालकाचं ना हरकत पत्र, लाईट बिल, ऑनलाइन अर्ज भरणं यात त्यांचा उपयोग होतो, पण घटना तुमची त्यांच्या हातात द्यायची, त्यांची तुम्ही घ्यायची नाही. नावं तीन-चार काढून ठेवा, मिळतंजुळतं नाव आधीच असेल तर मिळत नाही आणि सरकारी वाटेल असं नाव १९५० च्या बोधचिन्हे आणि नावे कायद्यात बसत नाही.

आता पैसे. अण्णांच्या खात्यात जमा झालेला प्रत्येक रुपया आयकर खात्याच्या दृष्टीने आधी अण्णांचा असतो, तो दुसऱ्यांचा आहे हे सिद्ध करायचं ओझं त्यांच्यावर. सेव्हिंग खात्यात वर्षात १० लाख किंवा त्याच्यावर रोख जमा झाली तर बँक तसं कळवतेच. आणि उद्या अण्णांना काही झालं तर बँक नॉमिनीला पैसे देणार, ग्रुपला नाही, घरच्यांनी कितीही मनापासून द्यायचे म्हटले तरी वारसांच्या सह्यांमध्ये ते अडकणार. म्हणजे या व्यवस्थेत सगळ्यात जास्त धोका अण्णांनाच आहे, हे त्यांना नीट सांगा, त्यांच्यावर अविश्वास म्हणून खातं बदलतोय असं त्यांना वाटता कामा नये. आजच्या तारखेपर्यंतचा जमाखर्च काढा, दोघा-तिघांनी तपासून सह्या करा, संस्थेचं पॅन आणि खातं झालं की शिल्लक चेकने किंवा एनईएफटीने वर्ग करा आणि संस्थेच्या पहिल्या सभेत ती स्वीकारल्याचा ठराव. रोख काढून रोख भरू नका. जुना क्यूआर त्याच दिवशी सगळ्या ग्रुपवरनं, पोस्टरवरनं काढा.

सामानाची यादी करा, प्रत्येक वस्तूला नंबर रंगवा, कुणी दिली, साधारण कधी, आता कुणाकडं आहे. काही लोकांनी वडील गेल्यावर बेड 'ठेवा तुमच्याकडं' म्हणून दिलेला असतो, तो दिला का ठेवायला दिला हे त्यांनाही आठवत नसतं, त्यांच्याकडनं दोन ओळींचं पत्र घ्या. अनामत मात्र वेगळी ठेवा. अनामत म्हणजे देणगी नाही, ती पेशंटला परत द्यायचीय, जमेत धरली तर हिशोब खोटा फुगतो आणि सामान परत यायला लागलं की द्यायला पैसे नसतात. तिचं रजिस्टर वेगळं, शक्यतो खातंही वेगळं. कुणी नको म्हणून सोडली तर तशी सही घेऊन मग देणगीची पावती करा.

कंपनीच्या मदतीबद्दल. संस्था झाल्यावर आयकरात दोन अर्ज करायचे, लोक १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) आणि ८०जी म्हणतात ते. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांपुरती तात्पुरती नोंदणी मिळते, नंतर काम बघून पुढची. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्यावर कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा सीएला 'जुनं १२ए, जुनं ८०जी' असं सांगितलं की कळेल. ८०जीची सूट देणगीदाराला मिळते, तीही २००० रुपयांच्या वरची रोख देणगी असेल तर नाही, आणि नव्या करपद्धतीत रिटर्न भरणाऱ्यालाही नाही, म्हणून देणगी मागताना हेच मोठं आमिष करू नका. क्यूआरवर नाव-पत्ता न सांगता पडणारे पैसे निनावी देणगीत जातात, एका मर्यादेच्या वर त्यावर ३० टक्के कर लागतो, म्हणून पैसे पाठवणाऱ्याला नाव आणि पत्ता मागायची सवय लावा. कंपनी जर सीएसआरमधनं, म्हणजे कायद्याने सामाजिक कामावर खर्च करायच्या निधीतनं, देणार असेल तर आणखी एक नोंदणी लागते, सीएसआर-१ फॉर्म, ती १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची झालीय, आणि साधारण तीन वर्षांच्या तसल्याच कामाचा अनुभव बघतात. तुमची जुनी रजिस्टरं, फोटो, पावत्या फेकू नका. नोंदणीआधीचं ते काम अनुभव म्हणून धरायचं का नाही हे शेवटी कंपनी ठरवणार, पण त्या एका मदतीसाठी महिन्याभरात सातजणांची संस्था उरकू नका. कंपनीला सांगा, आम्हाला वेळ लागेल, तोवर द्यायचंच असेल तर दोन एअर बेड वस्तू म्हणून द्या.

प्रश्न : आम्ही कंबर तलावाच्या बाजूला रविवारी सकाळी जमतो, कचरा उचलतो, झाडांना पाणी घालतो. वर्गणी नाही, पद नाही. आता काहीजण म्हणतात रजिस्टर केलं तर महापालिकेत वजन पडेल. करावं का?

उत्तर : माझं मत, नको. तुमच्याकडं पैसा नाही, मालमत्ता नाही, नोकर नाहीत, मग कायद्याने सांभाळायचं असं काय आहे? नोंदणी झाली की काम असो नसो दरवर्षी हिशोब, ऑडिट, रिटर्न, मंडळात एक जरी माणूस बदलला तरी ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात तो, हे सगळं कुणीतरी करावं लागतं आणि ते कुणीतरी म्हणजे तुमच्यातला जो सगळ्यात जास्त कचरा उचलतो तोच असतो. वजन पडतं ते नियमाने दिसण्यामुळं, लेटरहेडमुळं नाही. एखाद्या वेळी पंप किंवा ट्री गार्डला पैसे लागले तर शहरातल्या ज्या नोंदणीकृत संस्थेवर तुमचा विश्वास आहे तिला विचारा, तिच्या खात्यात देणगी, तिचीच पावती, आणि तिने तुमच्या कामाची खतावणी वेगळी ठेवायची. फक्त हे तोंडी नको, एक पानाचं पत्र करा, पैसा कुणाच्या सांगण्यावरनं खर्च होईल आणि उरला तर काय. आणि नोंदणी नसताना लोकांकडनं वर्गणी गोळा करायची वेळ आलीच तर गणेश मंडळं दरवर्षी घेतात ती सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-सी ची परवानगी असते, तिच्याबद्दल धर्मादाय कार्यालयात विचारा. तोवर रविवार चुकवू नका.

प्रश्न : ताई, आम्ही बाराजणी आहोत, भवानी पेठेत. कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकतो, पुण्यापर्यंत माल जातो. कुणी म्हणतं सेवाभावी संस्था करा म्हणजे टॅक्स लागत नाही आणि अनुदान मिळतं. करू का?

उत्तर : अक्का, तुम्ही कष्ट करून कमावताय आणि त्या कमाईचा वाटा तुम्हाला घरी न्यायचाय, तो तुमचा हक्क आहे. सेवाभावी संस्थेत नफा सभासदांना वाटता येत नाही. म्हणजे तिथं गेलात तर एकतर वाटा सोडायचा नाहीतर पगार म्हणून खोटं दाखवायचं, दोन्ही नको. तुमचा रस्ता सहकारी संस्थेचा आहे, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, त्यात कमीत कमी दहाजणी वेगवेगळ्या कुटुंबांतल्या लागतात, आणि ते धर्मादाय कार्यालयात नाही तर सहकार खात्याच्या निबंधकांकडं होतं. बारा आहात पण त्यात सासू-सून, जावा-जावा किती ते आधी मोजा. सोलापूरला हे नवीन नाही, कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची बिडी कामगार बायकांची गृहनिर्माण वसाहत सहकारी संस्थेतनंच उभी राहिली, दहा हजार घरं, बिडी वळणाऱ्या बायका त्या संस्थेच्या सभासद होत्या, कुणाच्या दयेवर नव्हत्या. तुम्ही बाराजणी त्याच सोलापूरच्या. सहकारात निवडणूक, ऑडिट आहेच, ते जड वाटत असेल तर सध्या बचत गट म्हणूनच चालवा, वह्या चोख ठेवा, आणि माल वाढला की मग जा.

प्रश्न : आमचा ग्रुप चार वर्षं अभ्यासिका चालवत होता. मागच्या वर्षी काहीजणांनी परस्पर संस्था रजिस्टर केली, नाव तेच. आता आम्हाला सांगतात तुम्ही स्वयंसेवक आहात, सभासद नाही, हिशोब विचारू नका. आम्ही काय करू शकतो? गावाचं नाव, आमचं नाव देऊ नका.

उत्तर : वाईट वाटलं वाचून. मुलांना शिकवलंत तुम्ही, त्यामुळं हे नुसतं कागदाचं दुखणं नाही. पण आता कागदानेच जावं लागेल. पहिलं, त्या संस्थेची घटना आणि मंडळाची यादी धर्मादाय कार्यालयातनं मिळवा, नोंदवलेले कागद कुणालाही थोडी फी भरून बघता येतात, नक्कल मिळते, त्यासाठी सभासद असावं लागत नाही. त्यात सभासद होण्याचा नियम बघा. तो खुला असेल तर तुम्ही सगळ्यांनी एकाच दिवशी लेखी अर्ज करा, वर्गणी चेकने किंवा ऑनलाइन भरा, रोख नको, पोच घ्या, नाही दिली तर रजिस्टर पोस्ट. अर्ज नाकारले तर निदान नाकारल्याचा लेखी पुरावा होतो. दुसरं, तुमच्या चार वर्षांत लोकांनी पुस्तकं, टेबलं, पैसे दिले ते कुणाला दिले होते? ग्रुपला. त्याच्या पावत्या, मेसेज, फोटो तारखेसकट एकत्र करा, आणि सार्वजनिक पैशाच्या हिशोबाबद्दल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते, त्यांना चौकशीचे आणि निर्देश द्यायचे अधिकार आहेत. वकील लागेल, आणि वेळ लागेल हे धरून चला. म्हणून आधी एकदा मध्यस्थ घालून बोला, दोन्ही बाजू ज्यांचं ऐकतात अशा एखाद्या जुन्या शिक्षकांना बसवा, आणि मागणी एकच ठेवा, पद नको, माफी नको, आम्हाला सभासद करा आणि सर्वसाधारण सभा बोलवा. ही मागणी नाकारायला कुणालाही अवघड जातं. आणि अभ्यासिकेच्या दारात भांडू नका, परीक्षा असते पोरांची.

प्रश्न : आमची संस्था नवीन आहे. माझा वर्गमित्र अमेरिकेत आहे, तो दरमहा पैसे पाठवतो म्हणतो. घ्यायचे का? दुबईत पण एकजण आहे.

उत्तर : पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय पासपोर्ट असेल, मग तो दुबईत राहू दे नाहीतर अमेरिकेत, त्याने स्वतःच्या कमाईतनं बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगीत धरत नाहीत, पासपोर्टची प्रत फाईलला लावा आणि घ्या. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी तो परदेशी स्रोत, आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी नसताना त्याचे पैसे तुमच्या संस्थेला चालत नाहीत, वस्तू पण नाहीत, आणि तुमच्या कुणाच्या खात्यात घेऊन संस्थेला फिरवणं तर अजिबात नाही. ती नोंदणी साधारण तीन वर्षं जुन्या आणि त्या तीन वर्षांत कामावर १५ लाख तरी खर्च केलेल्या संस्थेला मिळते, खातंही दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच काढावं लागतं. त्याला सांगा, सोलापुरात आलास की ये, मुलांना दोन तास शिकव, आणि त्याचे आईवडील इथं राहत असतील आणि त्यांना स्वतःच्या पेन्शनमधनं काही द्यावंसं वाटलं तर त्यांच्या नावाची पावती फाडा.